बेळगावातली कॅन्सर पेशंटसाठीची पॅलिएटिव्ह, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करणारी, टीम (ओपीडी आणि घरी व्हिजिट): ५ पैकी ४ स्टार

आधी स्टारचं सांगून टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे ते मोकळे. डॉक्टर आणि नर्सला पाच, फोन उचलण्याला दोन, कागदपत्रांना एक, आणि पेशंटला समोर बसवून "तुम्हाला काय पाहिजे" असं विचारायची त्यांची जी पद्धत आहे तिला पाचच, कारण सहा देता येत नाहीत. सरासरी काढत बसले नाही, सगळं धरून माझे चार. सेंटरचं नाव टाकत नाही, नाव टाकलं की कुठल्या गल्लीतलं कुठलं घर हे बेळगावात दोन फोनात कळतं आणि आमच्या घरात सगळ्यांना ते चालणार नाही. गरज असेल तर केमोच्या डॉक्टरांना "पॅलिएटिव्हची चिठ्ठी द्या" म्हणून तोंडानं मागा, मागितल्याशिवाय बरेच जण देत नाहीत.

माझ्या सासूबाई, आम्ही आत्ती म्हणतो, सत्तरीच्या आसपास, अंडाशयाचा कॅन्सर. ऑपरेशन झालं, केमो झाले, मधे बरे दिवस गेले आणि मग परत आला तो पोटभर पसरूनच. पोटात पाणी भरायला लागलं, दोन घास खाल्ले की पोट तट्ट, रात्री आडवं होता येईना, भिंतीला टेकून बसून झोपायच्या. आधी ज्या हॉस्पिटलात जात होतो तिथं पाणी काढायचे, घरी पाठवायचे, परत भरलं की परत या. तिथं वाईट कुणी वागलं नाही हो, पण बसून बोललंही कुणी नाही. डॉक्टर राउंडला येणार, फाईल बघणार, ह्यांना बाहेर बोलावून कॉरिडॉरमध्ये कायतरी सांगणार आणि आत्ती आत कॉटवर बसून दाराच्या काचेतून ह्यांच्या तोंडाकडं बघणार. सगळं ठरायचं ते कॉरिडॉरमध्ये. ज्या बाईच्या पोटाबद्दल चाललंय ती सोडून सगळे तिथं हजर.

आणि ह्यात आम्ही घरचेही काही कमी नव्हतो. "आईला सांगू नका, ती खचेल" हे वाक्य आमच्या घरात इतक्या वेळा झालं की भिंतींनासुद्धा पाठ झालं असेल. रिपोर्टची फाईल कपाटावर वर ठेवलेली, जशी काय आत्तींना वाचता येत नाही. सातवी पास आहेत, रोज पेपर वाचायच्या.

पॅलिएटिव्हचं नाव काढल्यावर धाकटे भाऊजी उखडले. पॅलिएटिव्ह म्हणजे डॉक्टरांनी हात वर केले असं त्यांचं म्हणणं, आणि खरं सांगायचं तर आपल्याकडं दहातल्या नऊ जणांचं हेच म्हणणं असतं. डॉक्टर मॅडमनी पहिल्याच भेटीत त्यांना शांतपणे सांगितलं की २०१० साली अमेरिकेत एक अभ्यास छापून आला, फुफ्फुसाचा कॅन्सर पसरलेल्या १५१ पेशंटचा, त्यातल्या निम्म्यांना नेहमीच्या ट्रीटमेंटबरोबर सुरवातीपासूनच पॅलिएटिव्ह टीम दिली होती, तर त्यांना बरं वाटत होतंच, शिवाय ते जगलेही जास्त, साधारण साडेअकरा महिने, आणि बाकीचे नऊ महिन्यांच्या जरा आत. आणि लगेच पुढं म्हणाल्या, "पण तो कॅन्सर वेगळा, तुमच्या आईंचा वेगळा, म्हणून आईंचं आयुष्य वाढेल असं मी म्हणणार नाही." मला हे आवडलं. विकायला बसलेला माणूस दुसरं वाक्य बोलत नाही.

ओपीडीत गेल्यावर मॅडमनी खुर्ची ओढून आत्तींच्या समोर घेतली, आमच्यासमोर नाही. मॅडम धारवाडकडच्या, मराठी कन्नड वळणाचं पण समजतं सगळं. विचारलं काय तर, "आज्जी, तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला काय काय माहीत आहे? आणि अजून किती ऐकायचंय? नको असलं तर नको म्हणा, मग मी मुलाशी बोलते." आमचे हे मधे बोलायला गेले तर हातानंच थांबवलं. आत्ती जरा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "पोट माझं हाय, मला ठाऊक न्हाई काय गे? ह्यांनाच वाटतंय मला म्हायत न्हाई म्हणून. मी आपलं ह्यांच्यासाठी गप बसलोय." खानापूर साईडच्या बायका "मी बसलोय" असंच बोलतात, ते सोडा. सांगायचं हे की आम्ही त्यांच्यापासून लपवत होतो आणि त्या आमच्यापासून.

त्या दिवसापासून फाईल कपाटावरून खाली आली.

आता औषधांचं, कारण हे कुणीच नीट सांगत नाही. मॉर्फिन, म्हणजे दुखण्यावरचं जोरदार औषध, हव्या त्या मेडिकलमध्ये मिळत नाही, त्याच्यासाठी सरकारमान्य सेंटर लागतं. १९८५ च्या नार्कोटिक्सच्या कायद्यात २०१४ ला बदल झाला, तेव्हापासून नियम जरा सुटसुटीत झालेत आणि ज्या संस्थेला मान्यता आहे तिथं ही औषधं ठेवता येतात. ह्या सेंटरला ती आहे. "मॉर्फिन दिलं म्हणजे आता संपलं" ही भीती आमच्याकडंही होती, तर तसं नसतं, थोड्या डोसपासून सुरू करतात, वेळेवर घ्यायचं, दुखायला लागल्यावर धावत नाही घ्यायचं, आणि सोबत पोट साफ व्हायचं औषध घ्यायचंच घ्यायचं कारण पोट घट्ट होतं. पुढं गोळी पोटात टिकेना तेव्हा पट्टी दिली, फेंटानिलची, दंडावर नाहीतर छातीवर चिकटवायची आणि तीन दिवसांनी बदलायची. पहिली पट्टी लावल्यावर नीट लागू व्हायला अर्धा ते एक दिवस जातो, तोवर दुसरं औषध चालू ठेवायचं, हे नर्सनी तीनदा बजावलं. पुण्याच्या वन्सं आल्या होत्या त्यांनी मायेनं आईच्या दंडावर गरम पाण्याची पिशवी ठेवली, नेमकी पट्टीवर. नर्स व्हिजिटला आल्या आणि बघताक्षणी ती उचलली. उष्णतेनं पट्टीतलं औषध भराभर अंगात जातं, माणूस गुंगीत जाऊ शकतं. वन्संना जरा बोलल्या. आम्हाला बरंच वाटलं.

आता मुख्य गोष्ट, ज्याच्यासाठी हा रिव्ह्यू लिहायला घेतला.

जूनच्या शेवटी आत्तींचं आतडं अडकलं. अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये हे बऱ्याच जणींना होतं, गाठी बाहेरून आतड्याला दाबतात. उलट्या, पोटात मुरडा, गॅससुद्धा सरेना. रात्रीची वेळ, सेंटर बंद, मग इमर्जन्सीला नेलं एका ठिकाणी, तिथल्या ड्युटीवरच्या पोरानं नाकातून नळी घालायची तयारी केली आणि सर्जनला फोन लावला, सकाळी ऑपरेशन ठरवू म्हणाला. सह्यांचे कागद आले. आत्ती उलटीच्या भांड्यावर वाकलेल्या, त्यांना कुणी काही विचारलं नाही. ह्यांनी पेन हातात घेतलं आणि माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं सकाळी नऊपर्यंत थांबूया, इंजेक्शनवर ठेवा. ड्युटीचा पोरगा तयार झाला, त्याचंही बरोबर आहे, तो काय करणार बिचारा, त्याला तेवढंच शिकवलंय.

सकाळी सेंटरला. मॅडमनी सर्जनला पण बोलावून घेतलं, सोशल वर्कर, नर्स, आम्ही दोघं, भाऊजी, वन्सं फोनच्या स्पीकरवर, आणि मधे आत्ती, उलटीचं इंजेक्शन दिल्यावर जरा शुद्धीत आलेल्या. मॅडमनी ए-फोर कागदावर आतडं काढलं, चित्र काही खास नव्हतं, आणि त्याच्यावर तीन-चार जागी फुल्या मारल्या. "एका जागी अडकलं असतं तर गोष्ट वेगळी. स्कॅनमध्ये इथं, इथं आणि इथं पण दाबलेलं दिसतंय."

मग एकेक पर्याय घेतला. आणि प्रत्येकाचं तीन भागात सांगितलं, चांगलं झालं तर काय, वाईट झालं तर काय, आणि बहुतेक करून काय होईल. ही पद्धत अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या सर्जन लोकांनी बसवलीय असं त्या म्हणाल्या. ऑपरेशनचं स्वतः सर्जन बोलले, चांगलं झालं तर काही दिवस तोंडानं खाता येईल, पोटावर शौचाची पिशवी लागेल. वाईट झालं तर आयसीयू, जखम भरणार नाही, आणि तिथनं घरी येणंच होणार नाही. बहुतेक काय? पोट उघडून बघितल्यावर इतक्या जागी अडकलंय म्हणून परत शिवून टाकायला लागेल किंवा महिनाभरात परत अडकेल. सर्जननी हे स्वतःच्या तोंडानं सांगितलं, म्हणून भाऊजींनी ऐकलं. तेच मॅडमनी सांगितलं असतं तर भाऊजी म्हणाले असते ह्यांना ऑपरेशन नकोच आहे.

दुसरं, नाकातून नळी. उलटी लगेच थांबते, पण नळी घशाला टोचते आणि कायमची ठेवायची गोष्ट नव्हे ती. तिसरं, पोटालाच बाहेरून छोटं भोक पाडून नळी, म्हणजे आत साठलेलं पिशवीत निघून जातं आणि तोंडानं चहा, सार असलं पातळ चवीला घेता येतं, पण पोटात पाणी असल्यामुळं त्यात धोका जास्त. स्टेंटचंही (अडकलेली जागा आतून उघडी ठेवायची जाळी) भाऊजींनी गूगल करून विचारलं, तर म्हणाल्या एका जागी अडकलं असतं तर विचार केला असता. आणि चौथं, नुसती औषधं. ऑक्ट्रिओटाईड म्हणून इंजेक्शन आहे त्यानं आतड्यातला रस सुटायचा कमी होतो, सोबत डेक्सा सुजेसाठी, बस्कोपान मुरड्यासाठी, हॅलोपेरिडॉल मळमळीला, सगळं कातडीखाली बारीक सुई बसवून. "उलटी पूर्ण थांबेल असं सांगत नाही. दिवसातून एक-दोनदा होईल, पण आत्तासारखी तासातासाला नाही." आणि ऑक्ट्रिओटाईड महाग आहे हेही तिथंच सांगितलं, बिल आल्यावर नाही.

आत्तींनी काय विचारलं असेल? मला वाटलं होतं किती दिवस राहिले असं विचारतील. त्यांनी विचारलं, "ती पोटावरची पिशवी कोण बदलणार?" नर्स म्हणाल्या शिकवतो आम्ही घरच्यांना. आत्ती म्हणाल्या, "सून हापिसला जातीय. पोरगा बदलणार? माझी?" आणि मान हलवली. मग दुसरा प्रश्न, "ह्यातलं कुठलं घेतलं की मला गावी जायला येतंय?"

गाव म्हणजे जांबोटीच्या पुढं, जंगलात. जुलैत तिथं रोपलागण असते. आत्तींचं सासर, चार काजूची झाडं आणि भाताची खाचरं, वाटा लावलेला पण जीव तिथंच. आम्हाला कुणाला डोक्यातही नव्हतं की ह्यांना गावी जायचंय, कारण विचारलंच नव्हतं कधी. आम्ही धरून चाललो होतो की पेशंट शहरात हॉस्पिटलजवळ राहिलेला बरा.

वन्सं स्पीकरवरून म्हणाल्या, ऑपरेशन करा, खर्च मी करते, पुण्याला आणा नाहीतर मुंबईला टाटाला नेऊया. मॅडमनी त्यांना गप्प केलं नाही, सगळं बोलू दिलं, आणि मग म्हणाल्या, ताई, तुमची आई इथं बसलीय, तुमच्याशी तीच बोलेल. आत्ती फोनकडं वाकून म्हणाल्या, "बाळे, पैसे ऱ्हाऊ देत. मला परत पोट फाडून घ्यायचं न्हाई." वन्सं रडल्या. मॅडमनी फोन बंद केला नाही, रडणं होईपर्यंत थांबल्या. भिंतीवरच्या घड्याळाकडं कुणी बघितलं नाही, बाहेर ओपीडीला रांग असताना.

शेवटी आत्तींनी विचारलं, "तुमी असता तर काय केलं असतं?" मला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो कारण इथं बरेच डॉक्टर हात झटकतात, "निर्णय तुमचा आहे" म्हणतात आणि सुटतात. पेशंटला विचारून करणं म्हणजे हॉटेलातलं मेनूकार्ड पुढं टाकून ऑर्डर घ्यायला उभं राहणं नव्हे. मॅडम म्हणाल्या, "मी तुमच्या जागी नाही. पण तुम्ही आत्ता सांगितलं की पिशवी नको, पोट फाडायचं नाही आणि गावी जायचंय. हे तीन धरले तर माझा सल्ला औषधांचा. उलटी सहन होईना तर नळीचा दरवाजा उघडा ठेवू." त्यांनी ऐकलं आधी, मग सल्ला दिला. आधीच्या ठिकाणी सल्ला आधी यायचा आणि ऐकणं यायचंच नाही.

तर आत्ती गावी गेल्या. इथं सेंटरची खरी मर्यादा दिसते, आणि एक स्टार इथंच कमी केलाय. त्यांची गाडी शहर आणि आजूबाजूच्या थोड्या गावांपर्यंतच येते, खानापूर तालुक्यात आत येत नाही, आणि फोनवर सांगतो म्हणतात पण जांबोटीच्या पुढं पावसात रेंज कुठली? व्हिडिओ कॉल सोडाच, मेसेज जायला देवळाच्या कट्ट्यावर जायला लागतं. बेळगाव जिल्हा केवढा, चिकोडी-निपाणी एका टोकाला, कणकुंबी दुसऱ्या टोकाला, आणि असली टीम शहराभोवती. ज्यांना गाडी नाही, शिकलेलं कुणी घरात नाही, त्यांनी काय करायचं? योजनेचं म्हणाल तर आयुष्मान कार्ड अॅडमिट झाल्यावर चालतं, घरी येणाऱ्या नर्सला नाही. महाराष्ट्र सरकारनं सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले योजना लागू केली त्याचंही भाऊजींनी विचारून बघितलं, तीही हॉस्पिटलातल्या उपचारांसाठीच. ऑपरेशन करून घेतलं असतं तर कुठल्यातरी योजनेत बसलं असतं, न करता घरी नीट ठेवायचं तर खिशातून. हा गंमतीचा भाग नाही.

पण एक केलं त्यांनी. जायच्या आधी नर्सनी मला कातडीखालची सुई कशी बघायची, लाल झालं तर काय, इंजेक्शन हळू कसं द्यायचं हे संत्र्यावर नाही, माझ्याच दंडावर नुसतं पाणी टोचून शिकवलं. आणि एक कागद लिहून दिला, मराठीत, मोठ्या अक्षरात. उलटी वाढली तर हे, दुखलं तर हे, ताप आला तर फोन, तोंड कोरडं पडलं तर बर्फाचा खडा नाहीतर चमच्यानं घोटभर पाणी, ओठांना तूप. सगळ्यात खाली दोन ओळी लाल पेननी: "पेरिनॉर्म देऊ नये." आणि "पेशंटच्या इच्छेप्रमाणे ऑपरेशन करायचं नाही, आयसीयूला न्यायचं नाही." त्याच्याखाली आत्तींची सही, वळणदार. तो कागद गावच्या घरात कालनिर्णयच्या खिळ्याला लावला होता. आणि गावाकडचा डॉक्टर आला तेव्हा बॅगेतनं पहिल्यांदा पेरिनॉर्मच काढलं त्यानं, उलटी म्हटलं की तेच. ते आतडं ढकलायचं औषध आहे, पूर्ण अडकलेल्या पोटात मुरडा वाढवतं. कागद दाखवला, त्यानं वाचला आणि परत बॅगेत घातलं. भांडायला लागलं नाही.

आत्तींनी रोपलागण बघितली, पडवीत खुर्ची टाकून, कांबळं घेऊन, बायकांना ओरडत की दाट लावू नका. चहा दोन चमचे घ्यायच्या, बऱ्याच वेळा परत यायचा, तरी घ्यायच्या.

गावात सलाईनवरनं मोठं वाजलं. आपल्याकडं पेशंट खाईना म्हटलं की सलाईन, नाही लावलं की "उपाशी मारताय" म्हणणारी चार माणसं दारात. भाऊजींचंही तेच, आणि त्यांना दोष नाही देत, आई उपाशी बघवत नाही कुणाला. बेळगावला परत आल्यावर मॅडमनी त्यांच्याशी वाद घातला नाही. म्हणाल्या, कातडीखालून थोडं सलाईन देऊन बघूया, दोन दिवस, आणि काय बघायचं ते आधी ठरवूया, तरतरी आली तर चालू ठेवू, पाय सुजले किंवा छातीत घरघर झाली तर बंद. आत्ती हो म्हणाल्या, म्हणजे धाकट्याच्या समाधानासाठी म्हणाल्या असं मला वाटतं. पाय सुजले. भाऊजींनी स्वतःच बंद करा म्हटलं. कुणी हरलं नाही, कुणी जिंकलं नाही, घरात नंतर टोमणा राहिला नाही. ज्यांच्या घरात असा टोमणा वर्षानुवर्ष चालतो त्यांना ह्याची किंमत कळेल.

आणि मग एक दिवस आत्तींनी स्वतःच नळी मागितली. उलटीला घाण वास यायला लागला होता आणि थांबेना. हे म्हणाले, "तू तर औषधंच म्हणाली होतीस, तसंच ठरलं होतं." व्हिजिटला आलेल्या नर्स म्हणाल्या, "साहेब, तेव्हाचं तेव्हा. आता त्या मागतायत." डे-केअरला नेऊन घातली, पहिल्या तासातच भांडंभर निघालं आणि आत्ती कितीतरी दिवसांनी सपाट झोपल्या. थोड्या दिवसांनी काढा म्हणाल्या, काढली. कागदावर लिहिलं म्हणजे दगडावरची रेघ असं ह्या टीमनं कधी धरलं नाही, प्रत्येक व्हिजिटला "मागच्या वेळी असं ठरलं होतं, अजून तसंच की बदलायचं?" हे विचारायचेच. आम्हाला आधी वाटायचं परत परत काय विचारतात, त्याचा अर्थ तेव्हा कळला.

आत्ती शहरातल्या घरीच गेल्या, पहाटे, आम्ही सगळे होतो.

ज्यांना हे पुढं लागणार आहे त्यांच्यासाठी एक कामाची गोष्ट. घरी माणूस गेलं की मृत्यूचं कारण लिहून द्यायला डॉक्टर लागतो, फॉर्म ४-अ म्हणतात त्याला, आणि घरी गेलेल्या पेशंटला तो द्यायला ओळखीचे डॉक्टरसुद्धा टाळाटाळ करतात. इथल्या मॅडमनी सकाळीच दिला, त्याच्यापायी कुठं हिंडायला लागलं नाही. उरलेल्या पट्ट्या परत नेऊन द्यायला लागतात, मोजून घेतात, वापरलेलीसुद्धा चिकट बाजू आत घडी करून ठेवायची, लहान पोरांच्या हाताला लागता कामा नये.

कायद्याच्या कागदाचं सोशल वर्करनी समजावलं होतं. सुप्रीम कोर्टानं २०१८ ला मान्य केलं की माणूस आधीच लिहून ठेवू शकतो मला मशीनवर ठेवू नका म्हणून, २०२३ ला ती पद्धत सोपी केली, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसरची सही चालते, आणि कर्नाटक सरकारनं जानेवारी २०२५ ला त्याचा आदेश काढला. आत्तींनी तो पूर्ण कागद केला नाही, कोर्टाचं नाव काढल्यावर नकोच म्हणाल्या, आणि हॉस्पिटलात मशीनवर जायचा प्रश्नच नव्हता म्हणून आमचं लाल पेनच्या दोन ओळींवर भागलं. पण ज्यांच्या घरात पेशंट अजून हिंडता-फिरता आहे त्यांनी हे करून ठेवावं असं मला वाटतं, शंभर नातेवाईकांची शंभर मतं मग गप्प बसतात.

आता तक्रारी, नीट वाचा म्हणजे तुमचा वेळ वाचेल.

फॉर्म सगळे कन्नड आणि इंग्लिशमध्ये. मला राजकारण करायचं नाही, कन्नड मला येतं, नर्सही वाचून दाखवतात. पण संमतीचा फॉर्म म्हणजे पेशंटनं स्वतः वाचून सही करायची गोष्ट ना? एवढं पेशंटला विचारून करणारी टीम आणि आत्तींसमोर जो कागद ठेवला तो त्यांना वाचता येत नव्हता, "इथं सही करा" म्हणून बोट दाखवलं. मी बोलले तेव्हा नर्सनी तो खिळ्यावरचा मराठी कागद स्वतः बसून लिहिला, तो कुठल्या छापील फॉर्मात नाही, त्या बाईंच्या मनावर होता म्हणून झाला. मराठीतला एक छापील फॉर्म करायला किती खर्च येणार?

रात्री आणि रविवारी कुणी नाही. कॅन्सर रविवार बघत नाही. रात्रीचा नंबर म्हणून जो दिलाय तो कधी लागतो कधी नाही, लागला तर समोरचा माणूस फाईल बघितलेला नसतो. आमची पहिली अडचण रात्रीच झाली आणि त्या रात्री आम्ही नळी आणि ऑपरेशनच्या कागदापर्यंत पोचलो होतो, हे विसरू नका. माझा सल्ला, पहिल्याच भेटीत त्यांच्याकडनं एक पत्र लिहून घ्या, इमर्जन्सीला दुसरीकडं न्यावं लागलं तर दाखवायला. मागितलं की देतात, आपणहून देत नाहीत.

डॉक्टर एकच. त्या रजेवर असल्या तर येणारे दुसरे चांगले आहेत पण भरभर बोलतात आणि परत ह्यांच्याकडं बघून बोलतात, आत्तींकडं नाही. म्हणजे ही पद्धत सेंटरची म्हणायची की एका बाईची, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. बाईंची बदली झाली तर हा रिव्ह्यू रद्द समजा.

फी जास्त नाही, व्हिजिटला जे घेतात ते पेट्रोलपेक्षा जरा जास्त, बीपीएल कार्ड असलं तर कमी करतात, औषधांचे मात्र जे आहेत ते. जाताना सगळे जुने स्कॅन न्या, फक्त रिपोर्ट नाही, सीडीसकट. चालू गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्या, नावं पाठ असतात असं समजू नका. आणि पेशंटला न्या. मुलगा एकटा फाईल घेऊन गेला तर मॅडम बोलतात, पण अर्धंच बोलतात. लँडलाईनवर फोन करू नका, रिसेप्शनची पोरगी आतच असते, मोबाईलवर मेसेज टाका, दुपारी तीननंतर उत्तर येतं. पार्किंग नाही, समोरच्या गल्लीत लावली तर पोलीस उचलतात, रिक्षानं जा.